जेवणी बाजू

खारकोपरच्या पुढे, जिथे सेक्टरचे आकडे आहेत
पण इमारती अजून आल्या नाहीत,
तिथे रविवारी पहाटे आम्ही सातजण उतरायला शिकतो.
चढायला नाही. चढणं सगळ्यांना येतं.
धावत्या सायकलवरून, वेग न मोडता,
पळत्या पायांनी जमिनीला भेटायचं,
सायकल उचलायची, दोन फळ्या ओलांडायच्या
आणि पुन्हा सीटवर,
जणू मध्ये काही घडलंच नाही.

फळ्या सेंट्रिंगच्या. सिमेंट अजून चिकटलेलं.
हृषिकांत घरतने त्या रोवल्यात
आजोबांच्या खाचराच्या बांधावर,
म्हणजे बांध होता तिथे. आता प्लॉट नंबर आहे.
तो तेवीसचा, मी बेचाळीसची.
तो मला मॅडम म्हणतो आणि ओरडतो.

पहिल्या दिवशी मी उजवीकडे उतरले.
न ठरवता. अंधारात हात बटण शोधतो तसं.
पेडलने नडगी सोलली,
चेनने डाव्या पोटरीवर काळे दात उमटवले.
"मॅडम, चेन जेवणी बाजूला हाय!
दुसरीकडं उतरायचं!"

जेवणी बाजू.
मी वाकून डावीकडे पाहिलं.
मी त्याच हाताने जेवते.
चेन तिथे नव्हती.

त्याला कळायला वेळ लागला.
मग तो फळीवर बसून इतका हसला
की पलीकडच्या जेसीबीवाल्याने चहा खाली ठेवला.

तीर्थ घेताना आत्याने माझा हात मागे सारला होता.
बाईंनी पेन्सिल काढून दुसऱ्या मुठीत कोंबली होती.
नेरूळच्या लॅबमध्ये अजूनही
पेशंट आधी सुई बघतो, मग सुई धरलेला हात,
मग विचारतो, दुसरं कुणी आहे का.
का, ते कुणी सांगितलं नाही.
तसं नसतं, एवढंच.

आणि हा पोरगा सांगतो,
"डाव्याउजव्याचं माझं काय नाय.
चेनला तेल असतं, दात असतात,
तुमची पोटरी मऊ. बस."

चाळिशी उलटल्यावर
पहिलं खरंखुरं कारण मिळालं,
तेही ग्रीसने माखलेलं.

मग मी शिकले. म्हणजे पडले.
माझा उजवा पाय हा घरातला तो भाऊ,
ज्याने कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही.
त्याला म्हटलं, सीटवरून मागे फीर,
तर सीटवरच अडकला.
मुरूम तळहातात घुसला, कोपरात घुसला,
सोमवारी ग्लोव्ह्ज चढवताना
एकेक खडा आठवला.

चौथ्या रविवारी विमान उतरलं डोक्यावरून.
"बघा, ते पन पलतच उतरतं," हृषिकांत म्हणाला.
मी बघितलं नाही.
मी एका चुकलेल्या लेबलचा विचार करत होते,
शनिवारचं सँपल, आडनाव सारखं,
आणि उजवा पाय फिरून आला होता
आणि दोन श्वास, फक्त दोन,
मी सायकलच्या एका अंगाला
डाव्या पेडलवर एकटी उभी होते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
उजवा हवेत मिरवत असतो,
सगळा भार डाव्यावर.
शेवटी सुटतो तोच.

मग जमीन आली, पळतच आली.
पहिली फळी गेली.
दुसरीला मागचं चाक घासलं, घासू दे.

टपरीवर मी डाव्या हाताने वडापाव घेतला.
हृषिकांत पाय पसरून बसला होता.
त्याच्या डाव्या पोटरीवर
काळे दात, ताजे, ओळीने सात.
मी पोटरीकडे बघतेय हे त्याने बघितलं
आणि पाय बाकाखाली घेतला.

"चेन सैल झालीय," तो म्हणाला.